“कितवीत आहेस गं?” : घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांनी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं कशी द्यावीत

आमची थोरली अकरा वर्षांची आहे, धाकटा आठ. दोघंही शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. आम्ही नाशिकला राहतो, आणि गेल्या पाच वर्षांत या दोघांना सगळ्यात जास्त वेळा कुठला प्रश्न ऐकावा लागला असेल तर तो “कितवीत आहेस?” हा. रिक्षावाले विचारतात, दवाखान्यात कंपाउंडर विचारतात, लग्नाच्या पंगतीत वाढायला आलेले काकाही विचारतात. त्यात वाकडं काही नाही. मोठ्या माणसाला आपण “जेवलात का?” म्हणतो, तसं लहान मुलाला “कितवीत?” म्हणतो. बोलायला सुरुवात करायची आपली ती रीत आहे.

हे कळायला मला वेळ लागला. थोरली सात वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी पोहे जोखता जोखता सहज विचारलं, “आज शाळेला सुट्टी का?” मी त्यांना दहा मिनिटं समजावत राहिले. शाळेत काय होत नाही, घरी काय होतं, मुलांचा वेग कसा वेगळा असतो, सगळं. पोह्यांची पुडी बांधून झाली, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली, तरी माझं चालूच. घरी येताना जिन्यात थोरलीने विचारलं, “आई, आपण काही चुकीचं करतोय का?” मी म्हटलं, “नाही गं, का?” ती म्हणाली, “मग तू काकांना एवढं का सांगत होतीस?”

या लेखातलं जवळजवळ सगळं त्या जिन्यातल्या प्रश्नातून आलं आहे. उत्तर आपण समोरच्याला देतो, पण ते सगळ्यात कान देऊन ऐकत असतं आपल्या शेजारी उभं असलेलं मूल. आपलं शिक्षण ही लपवायची गोष्ट आहे, भांडायची आहे की साधी सांगून टाकायची आहे, हे ते आपल्या आवाजावरून ठरवतं.

१. आधी घरातल्या घरात बोलून घ्या

बाहेरच्यांना काय सांगायचं हे नवरा-बायकोने एकदा शांतपणे बसून ठरवावं, आणि शक्यतो लिहून काढावं. आम्ही ते केलं नव्हतं. नवरा ऑफिसात सांगायचा, “सध्या तरी घरीच आहेत, पुढे बघू.” मी माहेरी सांगत होते, “आम्ही विचार करून पक्कं ठरवलंय.” ही दोन उत्तरं एका आत्याबाईंच्या कानावर एकाच आठवड्यात पडली आणि “तुमचं दोघांचं एकमत नाही वाटतं” अशी चर्चा घरभर झाली. त्यांचं चुकलं नव्हतं, उत्तरं खरंच जुळत नव्हती.

मग एका रविवारी वही घेऊन बसलो. आपण हे का करतो, हे दोन वाक्यांत लिहायचं आणि त्यात शाळेला नावं ठेवायची नाहीत, एवढी एकच अट. अर्धा दिवस गेला. शेवटी जे उरलं ते असं : “मुलांना एका गोष्टीत पुष्कळ वेळ रमायला आवडतं आणि आमच्याकडे तो वेळ देण्याची सोय आहे. म्हणून सध्या घरी शिकवतो, दर वर्षी मे महिन्यात मुलांशी बोलून पुढच्या वर्षाचं ठरवतो.” यातलं दुसरं वाक्य फार उपयोगी पडतं. लोकांना वाटत असतं की आपण मुलांसाठी दार कायमचं लावून टाकलं आहे. दर वर्षी पुन्हा विचार करतो म्हटलं की काळजी करणारा निम्मा शांत होतो.

त्याच बैठकीत काय सांगायचं नाही तेही ठरवा. अनेक घरांत शाळा सोडण्यामागे मुलाचं काही खासगी कारण असतं : वर्गात झालेला त्रास, अक्षरं वाचताना येणारी अडचण, दुखणं. ते कारण मुलाच्या मालकीचं आहे. आपली बाजू भक्कम करण्यासाठी ते चारचौघांत काढायचं नाही, अगदी सख्ख्या बहिणीसमोरही मुलाला विचारल्याशिवाय नाही.

२. मुलाच्या तोंडी त्याचं उत्तर द्या

प्रश्न मुलालाच विचारला जातो, त्यामुळे उत्तरही आधी त्याच्याकडे हवं. आमच्या थोरलीने स्वतः जुळवलेलं वाक्य आहे : “मी पाचवीच्या वयाची आहे, पण घरी शिकते.” दरवर्षी जूनमध्ये ती त्यातली इयत्ता बदलते. ऐकणाऱ्याला वयाचा अंदाज येतो आणि खोटंही बोलावं लागत नाही.

“सरळ पाचवीत आहे म्हणून मोकळं व्हायचं” असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला. तो मानू नका. “पाचवीत” म्हटल्यावर पुढचा प्रश्न “कुठल्या शाळेत?” हाच असतो, मग शाळेचं नाव बनवावं लागतं, आणि मग “अरे, आमची भाचीपण तिथेच आहे!” तिथवर मूल घामाघूम झालेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे आपलं खरं सांगण्यासारखं नाही, असं त्याच्या मनात बसतं.

उत्तराचा सराव खेळासारखा करा. आमच्याकडे धाकटा रिक्षावाला व्हायचा, मी मुलगा व्हायचे. तो मला इतके अवघड प्रश्न विचारायचा की त्याला नक्की कशाची धास्ती वाटते ते मला तिथेच कळलं : “तुला लिहिता येतं का?” हा प्रश्न त्याने चार वेळा विचारला. आणि मुलाला बोलायचंच नसेल तर “आईला विचारा” म्हणण्याची मुभा ठेवा. प्रत्येक अनोळखी माणसासमोर गृहशिक्षणाची बाजू मांडणं हे आठ वर्षांच्या मुलाचं काम नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगते. एसटीत वाहक मुलांना इयत्ता विचारत नाहीत, वय विचारतात, कारण अर्धं तिकीट पाच ते बारा वर्षांच्या मुलांना असतं. धाकट्याला एसटीचा प्रवास आवडण्यामागे हेही एक कारण आहे, असं त्यानेच मला सांगितलं.

३. विचारणारा किती थांबणार आहे, ते बघून बोला

दुकानदार, रिक्षावाले, लिफ्टमधले शेजारी यांना एक वाक्य पुरतं : “नाही, ही दोघं घरीच शिकतात.” सुरात माफी नको आणि अभिमानही नको, “आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो” हे ज्या सुरात सांगतो तोच सूर. त्यानंतर गप्प राहायचं. ही शांतता सुरुवातीला जड जाते, ती भरून काढायची घाई करू नका. दहांपैकी सात जण “असं होय, बरं बरं” म्हणून पुढे जातात. ज्याला खरंच जाणून घ्यायचं आहे तो दुसरा प्रश्न विचारतो, आणि खरी बोलणी तिथून सुरू होतात.

दुसऱ्या प्रश्नाला तत्त्वज्ञान सांगण्यापेक्षा आज सकाळी घरात काय झालं ते सांगावं, असा माझा अनुभव आहे. आमच्या सोसायटीचे पाण्याच्या टाकीचं बघणारे काका एकदा दुपारी गच्चीवर आले. थोरली तिथे रेतीने भरलेल्या बादलीत उभ्या केलेल्या काठीची सावली खडूने आखत होती. संक्रांतीनंतर सुरू केलेलं काम होतं : दर रविवारी आणि बुधवारी भर दुपारी, जेव्हा सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा, टोकाशी खूण करायची आणि लांबी वहीत लिहायची. काकांनी विचारलं, “शाळा नाही का आज?” मी उत्तर द्यायला पुढे होणार, तेवढ्यात तिने त्यांना वही दाखवली. सावली आखूड होत चाललेली आकड्यांत दिसत होती. ती म्हणाली, “मे महिन्यात एक दिवस ही नाहीशी होणार आहे.” काकांना वाटलं, पोर काहीतरी बोलते आहे. नाशिक कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लपते, हे तिनेच त्यांना समजावलं. शून्य सावलीच्या दिवशी काका स्वतः टोपी घालून गच्चीवर हजर होते. त्यांनी मला “हे असं किती दिवस चालणार?” हा प्रश्न त्यानंतरही विचारला, आणि तो विचारण्याचा हक्क त्यांना आहे. पण आता ते जे बोलतात ते पाहून बोलतात.

४. मुलाची परीक्षा घेणाऱ्याला थांबवा

प्रत्येक लग्नात एक तरी पाहुणे असे असतात, जे मुलाला जवळ बोलावून म्हणतात, “घरी शिकतेस ना? मग सांग बघू, सतरा नव्वे किती?” शाळेत जाणाऱ्या पोरांना हे पाहुणे काहीच विचारत नाहीत, कारण तिथे परीक्षेची जबाबदारी शाळेवर सोपवलेली असते.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा थोरलीने बरोबर उत्तर दिलं आणि मी खूश झाले. ती माझी चूक होती. उत्तर बरोबर आल्यावर मान ताठ केली की आपण ती परीक्षा मान्य केलेली असते. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी “कर्नाटकची राजधानी?” विचारलं, ती गोंधळली, म्हैसूर म्हणाली, आणि “बघा!” असा एक हशा उठला. त्या रात्री ती जेवली नाही.

आता मी प्रश्न पुरा व्हायच्या आत मध्ये पडते. आवाज न चढवता, हसून, पण स्पष्ट : “काका, परीक्षा नको हं. हल्ली काय वाचते ते विचारा, खूप सांगेल.” मोठ्यांचा मान राखला जातो आणि मुलाची सुटकाही होते. तरीही कुणी रेटलं तर “चल गं, आजीला पाणी नेऊन देऊ” म्हणून मुलाला तिथून हलवायचं. आमची एक खूणही ठरलेली आहे : तिने माझा पदर किंवा ओढणी दोनदा ओढली की तिला तिथून निघायचं असतं, मग मी कारण विचारत नाही.

५. आजी-आजोबांची गोष्ट वेगळी आहे

त्यांच्या प्रश्नाला कुतूहल समजू नका. ती भीती असते, आणि त्या भीतीचे दोन भाग असतात. एक नातवंडांच्या भवितव्याचा. दुसरा आपल्या लक्षात येत नाही : त्यांनाही कट्ट्यावर, भजनी मंडळात, फोनवर लोक विचारतात, आणि त्यांच्याकडे उत्तर नसतं. माझ्या सासूबाई वर्षभर बहिणींना “शाळा लांब आहे म्हणून” असं सांगत होत्या, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही स्वतःची वाक्यं तयार केली, त्यांना मात्र रिकाम्या हाताने लोकांसमोर पाठवलं.

तेव्हा पहिलं काम : वहीतली ती दोन वाक्यं त्यांनाही द्या, आणि त्यांना पटत नसतील तर त्यांच्या शब्दांत बदलू द्या. सासूबाई आता म्हणतात, “मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण पोरं शिकतायत एवढं दिसतं.” हे वाक्य आमच्या कुठल्याही वाक्यापेक्षा लोकांना जास्त पटतं, कारण ते खरं आहे.

दुसरं काम : त्यांना शिकवण्यात भागीदार करा, नुसतं सांभाळायला ठेवू नका. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पोस्टातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी थोरलीला भूगोल शिकवला तो पिनकोडवरून. जुन्या पाकिटांचा गठ्ठा काढून बसले : पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ६ म्हणजे केरळ आणि तामिळनाडू, ७ म्हणजे बंगाल, ओडिशा आणि ईशान्येकडची राज्यं. आपलं नाशिक ४२२ मध्ये, गोवा ४०३ मध्ये. एकेक पाकीट घ्यायचं, नकाशावर गाव शोधायचं, पत्र तिथून इथवर कुठल्या रेल्वेने आलं असेल ते बोटाने दाखवायचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याआधी एकाच नावाच्या गावांनी पोस्टाचा किती गोंधळ उडायचा, याच्या गोष्टी ते दोन महिने सांगत होते. आता कट्ट्यावर कुणी विचारलं तर अण्णा आमचं समर्थन करत बसत नाहीत, “भूगोल माझ्याकडे आहे” म्हणतात.

तिसरं : महिन्याकाठी त्यांना काहीतरी हातात द्या. आम्ही एक साधी फाइल ठेवतो. त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांची नावं, गणिताची दोन-चार पानं, चित्रं, कुठे गेलो त्याच्या चार ओळी. आजी-आजोबांनी पाच वर्षं प्रगतिपुस्तक पाहिलेलं नसतं, आणि त्यांना ते पाहायची सवय असते. ही फाइल पुढे सरकारी कामातही उपयोगी पडते, ते खाली येईलच.

६. “मित्र कसे मिळणार?”

हा प्रश्न टाळू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच आमच्या सोसायटीत दुसरं मूल नसतं. थोरली सात-आठ वर्षांची असताना काही महिने खरोखर एकटी पडली होती, खिडकीत बसून शाळेच्या व्हॅन मोजायची. तेव्हा मी लोकांना “तिला खूप मित्र आहेत” सांगत होते आणि ती शेजारी उभी राहून ऐकत होती. ते तिच्यासमोर बोललेलं खोटं होतं, आणि त्याबद्दल मी पुढे तिची माफी मागितली.

आज माझं उत्तर असं असतं : “हो, त्यासाठी आम्हाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.” मग कष्ट कुठले ते सांगते : रोज संध्याकाळी साडेपाचला मैदान, मग पाऊस असो की परीक्षांचा हंगाम, आठवड्यातून तीन दिवस पोहणं, शनिवारी घरी शिकणाऱ्या आणखी तीन कुटुंबांकडे आळीपाळीने दिवसभर. सुट्टीत मावसभावंडं पंधरा दिवस आमच्याकडे राहतात, ते वेगळंच. उणीव मान्य केली की समोरच्याची वाद घालायची इच्छा जाते. एक बाई तर हे ऐकून म्हणाल्या, “आमच्याकडे पाठवा की संध्याकाळी,” आणि थोरलीची सगळ्यात जवळची मैत्रीण त्या घरातली आहे.

७. “दहावीचं काय?”

महाराष्ट्रात कुठलीही चर्चा शेवटी दहावीवर येते. इथे भावना चालत नाही, माहिती लागते, आणि ती आईवडील दोघांनाही तोंडपाठ हवी.

नाशिककरांना मी असं समजावते : आपल्याकडचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ जसं कॉलेजात न जाता पदवी देतं, तसं शाळेत न जाता दहावी-बारावी देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दोन्ही १९८९ मध्येच सुरू झाल्या. “मुक्त विद्यापीठ” हा शब्द प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, घरातलं कुणी ना कुणी तिथून बी.ए. झालेलं असतं, त्यामुळे समोरच्याचा चेहरा लगेच सैल होतो. एनआयओएसच्या दहावीला वयाची किमान १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर), नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणजे सगळे विषय एकदमच द्यायला हवेत असं नाही. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्याही आहेत. राज्याचंही महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा देता येतात.

“१७ नंबरचा फॉर्म भरणार का?” असंही हमखास विचारतात. तो राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला बाहेरून बसण्याचा मार्ग आहे, आणि त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. ज्यांचं मूल चार-पाच वर्षं शाळेत जाऊन मग घरी आलं आहे त्यांनी तो दाखला जपून ठेवावा. जे मूल कधीच शाळेत गेलं नाही त्याच्यासाठी मुक्त मंडळाची वाट सरळ आहे.

याला जोडूनच येतो कायद्याचा प्रश्न. “कायद्याने चालतं का हे?” यावर छातीठोक “हो, चालतं” म्हणू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयोगटासाठी. त्याचं कलम १० मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य मानतं. त्याच वेळी, हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात नाही, आणि ‘सक्ती’चा अर्थ कलम ८ मध्ये सरकारवरचं बंधन असा दिला आहे. आईबापांनी स्वतःच्या मुलाला घरी शिकवण्याबद्दल त्यात वेगळं काही लिहिलेलंच नाही. विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला मात्र कलम १८ खाली एक लाखापर्यंत दंड आहे, म्हणून शेजारची पंधरा मुलं गोळा करून फी घ्यायचा विचार असेल तर तो वेगळा विषय होतो. आणि मनाला आधार देणारं कलम म्हणजे ४ : शाळेबाहेरचं मूल परत यायचं म्हणालं तर त्याला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. सासूबाईंना मी हे एकच कलम सांगितलं होतं, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली.

एक सावधगिरी. मुंबईची मालविका राज जोशी दहावी-बारावी न करता संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीत गेली. ही गोष्ट खरी आहे आणि वाद जिंकायला फार सोयीची आहे. मी ती सांगणं बंद केलं. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीला त्यातून एवढंच ऐकू येतं की तिलाही आता काहीतरी अचाट करून दाखवायचं आहे, नाहीतर आईचा निर्णय चुकला. तिला फक्त तिचं बालपण जगायचं आहे.

८. दारात आलेले शिक्षक आणि फॉर्मवरचा रकाना

आपल्याकडे शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होत असतं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात झालेल्या सर्वेक्षणात नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला शाईही लावली होती. असे शिक्षक तुमच्याकडे आले तर आधी आत बोलवा, पाणी द्या. वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली, सिग्नलवरची मुलं शाळेत यावीत म्हणून ही माणसं उन्हात फिरत असतात, आणि त्यांच्या यादीत आपलं मूल दिसलं तर त्यांनी विचारायलाच हवं. मुलांचे जन्मदाखले, आधार आणि ती महिन्याची फाइल पुढे ठेवा. आमच्याकडे आलेल्या बाईंनी फाइल अर्धा तास चाळली, धाकट्याकडून एक धडा वाचून घेतला आणि नोंद करून गेल्या. ती परीक्षा मी थांबवली नाही. तो त्यांच्या कामाचा भाग होता, आणि धाकट्यालाही तो फरक आपोआप कळला.

स्पर्धांच्या फॉर्मवर ‘शाळेचे नाव’ हा रकाना असतो. तिथे ‘गृहशिक्षण’ लिहा आणि फॉर्म भरायच्या आधीच आयोजकांना फोन करा. बरेच जण चालवून घेतात. काही ठिकाणी शाळेचं बोनाफाईड लागतंच, तिथे भाग घेता येत नाही, आणि हे मुलाला खरं कारण सांगून सांगावं. ओळखीच्या शाळेतून खोटं बोनाफाईड मिळवायची वाट कुणी सुचवली तरी त्या वाटेला जाऊ नका.

९. ज्यांना शाळा झगडून मिळाली, त्यांचा प्रश्न

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा भांडी घासता घासता विचारलं, “ताई, आम्ही पोटाला चिमटा काढून पोरीला शाळेत घालतो. तुम्हाला परवडतं, मग तुम्ही का नाही घालत?” त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती, त्यांच्या घरातली इतकी शिकलेली पहिली मुलगी.

माझ्या वहीतली दोन्ही वाक्यं त्या क्षणी कामाची नव्हती. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली तेव्हा जे दार उघडलं, त्यातून मावशींच्या घरातलं कुणी आत जायला पावणेदोनशे वर्षं लागली. पंडिता रमाबाईंना आईनेच घरी संस्कृत शिकवलं होतं, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरवलं, हा दाखला मी नातेवाइकांना हौसेने द्यायचे. मावशींसमोर तो देता येत नाही. रमाबाईंच्या घरात शास्त्री वडील होते, विद्या घरात होती. माझ्याही घरात ती होती.

मी त्यांना एवढंच म्हटलं, “मावशी, मी शिकलेली आहे आणि यांच्या एका पगारात घर चालतं, म्हणून मला हे करता येतं. तुमच्या पोरीसाठी शाळाच बरोबर आहे, आणि तिला गणितात काही अडलं तर संध्याकाळी पाठवा.” ती दोन वर्षं येत होती. तेव्हापासून शाळेची थट्टा आमच्या घरात कुणी करत नाही, पाहुण्यांनी केली तरी मी विषय बदलते.

१०. जो रात्री फोन करतो

अधूनमधून एखादा फोन रात्री साडेनऊनंतर येतो. आवाज हळू असतो, मुलं झोपलेली असतात. “तुम्ही नक्की कसं सुरू केलंत?” या प्रश्नाला वेळ द्या. पण बाजू पटवून देण्याच्या भरात पडू नका. मी तीन गोष्टी विचारते : मुलाला विचारलंत का, दोघांचं एकमत आहे का, आणि एकाचं उत्पन्न थांबलं तर घर किती महिने चालेल. मग माझं खरं सांगते. नोकरी सोडल्यावर मला स्वतःच्या पैशाची सवय तुटायला दोन वर्षं लागली. दुपारी तीनच्या सुमाराला मी रोज थकलेली असते. काही आठवडे गणित होतच नाही. ‘स्वशिक्षण’ या भारतातल्या होमस्कूलिंग पालकांच्या गटाबद्दल सांगते, म्हणजे त्यांना एकट्या माझ्या अनुभवावर विसंबावं लागणार नाही. आणि शेवटी म्हणते, एखाद्या मंगळवारी या. मुद्दाम मंगळवार, कारण त्या दिवशी आमच्याकडे खास काहीच नसतं.

गेल्या वर्षी सिन्नरजवळच्या एका गावातून एक जोडपं मुलाला घेऊन असंच मंगळवारी आलं. दिवसभर बसले, जेवले. धाकटा अर्धी गणितं टाकून पाहुण्या पोराबरोबर खाली पळाला तेही त्यांनी पाहिलं. जाताना काही बोलले नाहीत. जूनमध्ये फोन आला : मुलाला गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, शिक्षक चांगले आहेत, तो खूश आहे. मलाही मनापासून बरं वाटलं.

परवा ते तिघं पुन्हा आले होते. दार थोरलीने उघडलं, मुलाला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, “कितवीत आहेस रे आता?”

“तिसरीत,” तो म्हणाला. “चल, गच्चीवरची काठी दाखव.”